माजी सैनिकांची मनाची ताकद आणि शरीराची तब्येत : संशोधनासाठी सल्ला हवा आहे

बालाघाटची_लेक

नमस्कार मंडळी. मी संभाजीनगरला मानसशास्त्रात पीएच.डी. करतेय. नोंदणी झाली, आराखडा अजून समितीपुढं जायचाय. तिथं उलटतपासणी होण्याआधी इथं झालेली बरी, म्हणून हा धागा.

विषय आहे मराठवाड्यातल्या माजी सैनिकांची मानसिक बलस्थानं आणि त्यांचं शारीरिक आरोग्य. बलस्थानं म्हणजे आशावाद, चिवटपणा, आयुष्याला काही हेतू आहे ही जाणीव, हक्काची माणसं. फौजी आणि मानसशास्त्र म्हटलं की आघात, नैराश्य, दारू यांवरच कागद काळे होतात. मला उलट्या बाजूनं जायचंय. तोच बर्फ, तीच गस्त, तेच घरापासून लांब राहणं सोसून एक जण साठीत तिफण धरतो आणि दुसरा पन्नाशीतच शुगर-बीपीच्या गोळ्यांचा डबा घेऊन बसतो. या फरकात मनाचा वाटा किती?

कल्पना माझी नाही. अमेरिकी लष्करानं २००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मार्टिन सेलिगमन यांना हाताशी धरून सैनिकांच्या मानसिक तंदुरुस्तीचा कार्यक्रम सुरू केला. प्रत्येक सैनिकानं १०५ प्रश्नांची चाचणी द्यायची. पुढं ही उत्तरं, ओळख काढून टाकून, वैद्यकीय नोंदींशी जोडली गेली आणि संशोधकांना खाणच सापडली. २०२० मध्ये आलेल्या एका अभ्यासात रक्तदाबाचा विकार नसलेले १,०३,४८६ सैनिक घेतले आणि साधारण साडेतीन वर्षं त्यांच्या नोंदी तपासल्या. सर्वांत आशावादी गटाला हा विकार जडण्याचा धोका सर्वांत कमी आशावादी गटापेक्षा २२ टक्क्यांनी कमी निघाला.

माझा बेत असा : बीड, धाराशिव, लातूर इथले मिळून २५० माजी सैनिक, एक प्रश्नावली, आणि शेवटी ‘तुमची तब्येत कशी आहे’ याला एक ते पाच गुण. माणसं कुठं गाठू? फौजी माणूस खरं उत्तर देईल का? आणि एवढ्यावर भागेल का?

हवालदार_औसा

ताई, विषय चांगलाय. मी तोफखान्यातून सुटलो, आता औशाकडं सोयाबीन अन् दोन म्हशी. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. खरं सांगणार न्हाईत.

फौजेत सिक रिपोर्ट करून सारखा एमआय रूमला (युनिटच्या दवाखान्याला) जाणारा गडी म्हणजे बहाणेबाज. त्यात मेडिकल कॅटेगरी खाली गेली की प्रमोशन अडतंय, कोर्स अडतोय. म्हणून गुडघा भोपळ्याएवढा झाला तरी पट्टी बांधून पीटीला हजर. मी बी तेच केलं. तोफेजवळ राहून राहून डाव्या कानानं ऐकू येईना, तरी जमंल तितकं दाबून नेलं. वीस वर्षं ‘ठीक हो?’ ला ‘जी साब’ म्हणायची सवय लागलेल्या माणसाला तुम्ही कागद देऊन विचारणार, ‘संकटातून मी लवकर सावरतो, सहमत की असहमत’. काय लिहील तो?

अन् दुसरं. चिवटपणात ज्याला पैकीच्या पैकी मार्क पडतील तो गडी गुडघे बदलायच्या रांगेत बी पुढंच असतोय. हे तुमच्या हिशेबात कुठं बसवायलात?

माणसांचं म्हणाल तर ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) पॉलिक्लिनिकात गाठाल तर सगळे आजारी भेटतील. कारगिल दिनाला नाहीतर १५ ऑगस्टला गाठाल तर सगळे छाती काढून. नोव्हेंबरात या. हयातीच्या दाखल्याला आजारी बी येतोय अन् धडधाकट बी. आता मोबाइलवर तोंड दाखवून घरबसल्या दाखला निघायलाय, म्हणून थोडे निसटतील. तरी त्याच्यासारखी जागा न्हाई.

संख्यारेषा

काकांनी नमुना निवडीचा अख्खा धडा चार ओळींत उरकला. आमच्या वर्गात याला दोन आठवडे लागतात. (नांदेडला संख्याशास्त्र शिकवतो.)

ताई, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘भागणार नाही’. आशावाद आणि शारीरिक आरोग्य यांवरच्या ८३ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००९ मध्ये आला होता. सरासरी संबंध निघाला ०.१७ एवढा (शून्य म्हणजे संबंधच नाही, एक म्हणजे पुरता), म्हणजे आहे पण नाजूक. खरी गंमत पुढं आहे. जिथं लोकांनी आपली तब्येत स्वतःच सांगितली होती तिथं तो ०.२१ निघाला, आणि जिथं ती मोजली किंवा दप्तरी नोंदीतून घेतली तिथं ०.११. जवळजवळ निम्मा. आशावादी माणूस स्वतःच्या तब्येतीबद्दलही आशावादीच बोलणार, त्याला वेगळं संशोधन कशाला?

आता नमुन्याचा हिशेब. ०.२१ चा संबंध पकडायला, नेहमीची पाच टक्के पातळी (योगायोगालाच संबंध समजून बसण्याची शक्यता) आणि ऐंशी टक्के शक्ती (खरा संबंध असला तर तो सापडण्याची शक्यता) धरली तर, १७६ माणसं पुरतात. ०.११ ला ६४६ लागतात. तुमचे २५० दोन्हीच्या मधे लटकतात. सोप्या प्रश्नाला जास्त आणि खऱ्या प्रश्नाला कमी. तीन जिल्हे सोडा, एक धरा. चार बलस्थानं सोडा, दोन धरा. पण माणसं वाढवा आणि काहीतरी मोजा.

शिवाय कारण-परिणामाची दिशा. आज एकदाच विचारलंत तर आशावादामुळं बीपी बरं आहे की बीपी बरं आहे म्हणून माणूस आशावादी आहे, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. अमेरिकनांनी आधी आशावाद मोजला, मग वर्षं जाऊ दिली. तुमच्या पीएच.डी.त तेवढा वेळ नसेल, पण दीड-दोन वर्षांनी दुसरी फेरी तरी करा.

शंकासूर

मी पाणी ओतायलाच आलोय.

ज्या अमेरिकी कार्यक्रमाचा दाखला दिलाय त्याचा दुसरा अंक पण सांगा. २०११ च्या जानेवारीत अमेरिकी मानसशास्त्र संघटनेच्या मासिकानं अख्खा अंक या कार्यक्रमाच्या कौतुकाला वाहिला. त्याच वर्षी आयडेलसन, पिलिसुक आणि सोल्झ या तिघांनी त्याचे वाभाडे काढले. त्यांचं म्हणणं असं की छोट्या प्रमाणावर तपासून न पाहताच एवढा मोठा प्रयोग अख्ख्या लष्करावर लादला आणि सैनिकांची संमती विचारलीच नाही. पुढं २०१४ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं लष्कराच्या अशा योजनांचा हिशेब मांडला, तेव्हा पुराव्याची झोळी हलकीच निघाली.

२२ टक्क्यांच्या अभ्यासाला मी खोटं म्हणत नाही. पण आशावादी लोकांना विकार कमी होतो हे एक, आणि माणसाला वर्गात बसवून आशावादी केलं की विकार टळतो हे दुसरं. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारायची सगळ्यांना घाई. त्या कार्यक्रमाला पहिली प्रमुख मिळाली तीही कशी : ऱ्होंडा कॉर्नम, लष्करातल्या डॉक्टर. १९९१ च्या आखाती युद्धात त्यांचं हेलिकॉप्टर पाडलं गेलं, दोन्ही हात मोडले, खांद्यात गोळी, वर कैद. त्यातून उभ्या राहून त्या ब्रिगेडियर जनरल झाल्या. बाईंना माझा सलाम. पण अशा माणसाकडं बोट दाखवून बाकीच्यांना ‘तुम्हाला का जमत नाही’ विचारणं सोपं होतं. उद्या आपल्याकडचा एखादा साहेब म्हणेल, ‘बीपी वाढलं? तुमचं मनोबल कमी आहे. रजा कशाला, दवाखाना कशाला?’ त्याच्या हातात हे कोलीत द्यायचं का?

बालाघाटची_लेक

@शंकासूर, अंगावर आलात तरी बरंच वाटलं. त्याच खाणीतला २०१९ चा एक अभ्यास मी मुद्दाम वर लिहिला नव्हता. ७९,४३८ सैनिक घेतले होते. राईचा पर्वत करून वाईटात वाईट तेच होणार असं धरून चालणाऱ्यांना आघातोत्तर ताणाचा विकार जडण्याचं प्रमाण २९ टक्के जास्त होतं. पण ज्यांनी घनघोर लढाई पाहिली आणि ज्यांचा स्वभावही असा होता, त्यांचा आकडा कितीतरी वर गेला. म्हणजे नुसता स्वभाव नाही, वाट्याला काय आलं तेही बघावंच लागतं. माझ्या आराखड्यात ‘वाट्याला काय आलं’ हा रकानाच नाही, हे आता टोचतंय.

@हवालदारकाका, गुडघ्याचा मुद्दा डोक्यात बसलाय. उत्तर नाही माझ्याकडं अजून.

डॉ_गंगाखेड

मोजमापाचं मी बोलतो. बाकी मनाचं तुम्ही बघा.

बीपी घ्यायचं तर नीट घ्या. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही. तीन वेळा घ्यायचं, पहिलं सोडून देऊन पुढच्या दोनांची सरासरी. फौजी लोकांचे दंड भरलेले असतात, लहान पट्टा लावलात तर बीपी उगीच जास्त येईल. मोठा पट्टा सोबत ठेवा.

आणखी एक, जे पुण्या-मुंबईच्या पुस्तकी आराखड्यात सुटतं. बीपी ऋतूप्रमाणं हलतं. उन्हाळ्यात खाली येतं, थंडीत वर जातं. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढं असतो. निम्मी माणसं मे मध्ये आणि निम्मी डिसेंबरमध्ये मोजलीत तर तुमचा आशावादाचा सगळा परिणाम हवामानातच विरघळेल. म्हणून नोव्हेंबरचा सल्ला मला दुहेरी पटला. सगळे एकाच हंगामात घ्या, आणि दुसरी फेरीही त्याच हंगामात. मनाचंही तेच की. जूनमध्ये पेरणी करून आभाळाकडं डोळे लावून बसलेल्या माणसाला आशावादाचे प्रश्न विचारले तर तुम्ही माणूस मोजताय की मॉन्सून?

गोळ्या चालू असलेल्याचं बीपी १२६ आलं म्हणून त्याला निरोगी धरू नका, तो रुग्णच. गोळ्या वेळेवर घेतो का हे वेगळं विचारा. मला विचाराल तर आशावादाचा निम्म्याहून जास्त परिणाम इथूनच जातो : गोळी चुकत नाही, चालायला जातो, तंबाखू सोडतो, झोपतो. ताणाची संप्रेरकं, कॉर्टिसॉल वगैरे मार्ग आहेतच, पण खेड्यात बसून तुम्ही ते मोजणार कशानं? कमरेचा घेर टेपनं मोजता येतो. हाताच्या पकडीचा जोर मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते घ्या. पंजाची पकड ही म्हातारपणाच्या तब्येतीची फार प्रामाणिक खूण आहे आणि फौजी लोकांना ते दाबायला आवडतं, फुकटात सहकार्य मिळेल.

कुणाचं बीपी १८० च्या वर आलं तर फॉर्म बाजूला. परत मोजा, आणि तसंच असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात. मनाचं काही गंभीर बोलला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्या, पण नुसता नंबर देऊन उठू नका.

भरतीवाला_पोरगा

सर्वांना जय हिंद. मला १६०० मीटर ५.३० मध्ये बसत नाही, ५.५० लागतात. मनोबल वाढवायला काय करावं? आणि अग्निवीरांना या संशोधनात घेणार का?

संपादक

@भरतीवाला_पोरगा, धावण्याचा धागा ‘स्पर्धा परीक्षा आणि भरती’ विभागात आहे, तिथं विचारा. अग्निवीरांचा प्रश्न मात्र इथं चालेल.

डॉ_गंगाखेड

पोरा, वीस सेकंदांसाठी मनोबल नको, आठवड्यातून दोनदा तुकड्या-तुकड्यांनी जोरात पळ आणि रात्री वेळेवर झोप. संपादकांची माफी.

फौजीणबाई

वाचत होते, लिहायचं नव्हतं. पण सगळे पुरुषच बोलायलेत म्हणून लिहिते. आम्ही हिंगोलीकडचे.

आमचे हे अडतिसाव्या वर्षी सुटून आले. तुम्ही लोक साठीचे माजी सैनिक डोळ्यांपुढं आणताय, पण शिपाई-नायक म्हणून सुटलेला माणूस चाळिशीच्या आतबाहेर घरी येतो. पंधरा वर्षं झाली की पेन्शन बसते, अन् पुढं अख्खं आयुष्य पडलेलं असतं. ह्यांची पहिली दोन वर्षं फार वाईट गेली. तिथं पहाटे उठल्यापासून झोपेपर्यंत काय करायचं ते ठरलेलं. इथं कुणी विचारत नाही. भावकीत बांधावरून भांडण, पेन्शनीवर सगळ्यांचा डोळा, पोरीचं लग्न, बोअर घेतलं ते कोरडं गेलं. मग शहरात गार्डची नोकरी, बारा बारा तास उभं, रात्रपाळी. बीपी तिथं लागलं. सीमेवर नाही लागलं.

आता तब्येत बरी आहे. ताई तुमच्या कागदावर हे लिहितील, माझं मन खंबीर आहे म्हणून. पण भाजीत मीठ कमी कोण टाकतं, गोळी ताटाशेजारी कोण ठेवतं, तपासणीच्या तारखेला पॉलिक्लिनिकला चला म्हणून मागं कोण लागतं? फॉर्म भरायला बसाल तेव्हा एक फॉर्म बायकोचा पण असू द्या. माणूस रात्री किती वेळा उठतो, कशावर चिडतो, जिना चढताना थांबतो का, हे तिला विचारा. त्याला विचारलं तर ‘ठीक आहे’ एवढंच मिळेल, हवालदार भाऊंनी सांगितलंच आहे.

संख्यारेषा

वहिनी, हा प्रतिसाद मी विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे. नवऱ्याचं आणि बायकोचं उत्तर ताडून बघितलं की स्वतः सांगितलेल्या तब्येतीत किती पॉलिश आहे ते कळतं.

मुडखेड_पासआउट

आम्हाला धरणार का? मी केंद्रीय राखीव पोलीस दलातून बाहेर पडलो. ट्रेनिंग मुडखेडला, मग छत्तीसगड, काश्मीर, निवडणूक ड्युट्या, काही सोडलं नाही. गावात मिरवणुकीला ‘फौजी’ म्हणून पुढं बसवतात, पण ईसीएचएस आम्हाला नाही. २००४ नंतर भरती झालेल्यांना जुनी पेन्शनही नाही. तुमच्या व्याख्येत माजी सैनिक म्हणजे आर्मी-नेव्ही-एअरफोर्स. सीमेवर, जंगलात शरीर तेवढंच झिजलं. लातूर जिल्ह्यात चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं ट्रेनिंग सेंटर आहे, आजूबाजूच्या गावांत आमच्यासारखे भरपूर सापडतील.

कोरडवाहू

मुडखेडवाल्या दादांनी नकळत आराखडा दुरुस्त केला. मी सार्वजनिक आरोग्यात काम करतो, हवालदारकाकांचा गुडघा आणि दादांची पेन्शन हे दोन्ही एकाच ठिकाणी जातात. जरा लांब लिहितो.

अमेरिकेत शर्मन जेम्स नावाचे साथरोगतज्ज्ञ आहेत. त्यांनी १९७८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या एका निवृत्त कृष्णवर्णीय शेतकऱ्याची मुलाखत घेतली. नाव जॉन हेन्री मार्टिन, जन्म १९०७ चा. शाळा जेमतेम, बाप दुसऱ्याच्या जमिनीत वाट्यानं कसणारा. या माणसानं ७५ एकर जमीन घेतली, ती फेडायला चाळीस वर्षांची मुदत होती, यानं रात्रंदिवस राबून पाच वर्षांत फेडली. आणि पन्नाशी सरता सरता त्याला रक्तदाब, संधिवात आणि पोटाचा अल्सर, तिन्ही जडले. अल्सर तर इतका की शस्त्रक्रिया करावी लागली. तिकडं जॉन हेन्री नावाच्या रेल्वेमजुराची लोककथा आहे. वाफेच्या यंत्राशी घण मारायची पैज लावतो, जिंकतो आणि तिथंच मरतो. जेम्स यांनी त्यावरून ‘जॉन हेन्रीइझम’ हे नाव दिलं आणि ‘जिद्दीनं रेटून नेणं’ मोजायला बारा प्रश्नांची पट्टी बनवली. १९८३ मध्ये पहिला अभ्यास छापला. ढोबळ निष्कर्ष असा की ज्याच्याकडं शिक्षण-पैसा आहे त्याला ही जिद्द मारक ठरत नाही. ज्याच्याकडं काहीच नाही आणि जिद्द मात्र भरपूर, त्याचं बीपी चढतं.

म्हणजे ताई, ‘बलस्थानं असली की तब्येत चांगली’ हे वाक्यच अर्धं आहे. कुणाच्या हाती काय असताना, हे पुढं जोडलं की प्रश्न पुरा होतो. आपल्या भागात हे तपासायला तयार नमुना आहे. एकाच तालुक्यात, एकाच वयाचे, सारख्याच शारीरिक निवडीतून गेलेले दोन फौजी : एकाला पेन्शन आणि मोफत दवाखाना, दुसऱ्याला त्यातलं तुटपुंजं. एकाचं शेत कॅनॉलखाली, दुसऱ्याचं कोरडवाहू. जिद्द दोघांकडं. मग बीपी बघा. माझा अंदाज असा की आशावाद दोन्हीकडं थोडा उपयोगी पडेल, आणि जिद्द एकाला तारेल, दुसऱ्याला झिजवेल. दोघांना एकाच ‘चिवटपणा’च्या रकान्यात बेरीज करून टाकलंत तर ते एकमेकांना खोडतील आणि तुम्ही लिहाल, ‘संबंध आढळला नाही’.

अग्निवीर २०२२ च्या योजनेतले, चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार. बाकीचे पेन्शनीविना, ऐन पंचविशीत गावात परतणार. तो या प्रश्नाचा तिसरा गट, पण आत्ता बीपी मोजून उपयोग नाही, फार तरुण आहेत. यादी करून ठेवा, पुढच्या संशोधकाला लागेल.

हवालदार_औसा

हा जॉन हेन्री मार्टिन आमच्या गावात हाय. दोन-तीन हायेत. एकानं पेन्शन विकून (कम्यूट करून) विहीर पाडली, पोराला इंजिनिअर केलं, सावकाराचं सगळं फेडलं, अन् आता डायलिसिसवर. सगळा गाव म्हणतो, लई जिद्दीचा माणूस. मी बी म्हणतो.

डॉ_गंगाखेड

कोरडवाहू यांचा मुद्दा मोलाचा, पण जरा जपून घ्या. जॉन हेन्रीइझमवर नंतर बरेच अभ्यास झाले, काहींत जुळलं, काहींत नाही. ताईंनी ते ठरलेलं सत्य म्हणून नको, तपासायचा अंदाज म्हणून मांडावं. आणि मूत्रपिंडाचा उल्लेख झाला म्हणून : गुडघेदुखी दाबून पीटी करणारे वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनानं खातात. त्या गोळ्यांनी बीपी वाढतं आणि किडनीवर ताण येतो. हा रकाना प्रश्नावलीत हवाच. मनोबलाचा शरीरावरचा परिणाम कधीकधी मेडिकलमधून पानाच्या पान विकत घेतलेल्या गोळ्यांतून जातो, आणि तो मार्ग कुठल्याही मानसशास्त्राच्या पट्टीवर दिसत नाही.

शंकासूर

हे जमायला लागलंय. आता नैतिकतेचं. सेवेतल्या जवानांच्या वाटेला जाऊ नका, लष्कराच्या परवानगीशिवाय तो विषयच नाही. त्यांच्याकडं डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेची दिल्लीला स्वतंत्र मानसशास्त्र संस्था आहे. माजी सैनिकांपुरतं बघा. विद्यापीठाच्या नैतिकता समितीचं पत्र, आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणं संमतीपत्र, मराठीत, वाचून दाखवून. फॉर्मवर लष्करी नंबर अजिबात मागू नका. पेन्शनवर परिणाम होईल अशी शंका जरी आली तरी माणूस गप्प होतो. आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्या, पण फॉर्म त्यांच्या टेबलावर भरून घेऊ नका. साहेब समोर बसलेला असताना कोण म्हणेल मी खचलोय?

बालाघाटची_लेक

सगळ्यांचे आभार मानायला लागले तर दुसरा धागा होईल. आराखडा असा बदलतेय, परत सोला.

एकच जिल्हा, लातूर. सैन्यदलं आणि केंद्रीय दलं दोन्ही, वय चाळीस ते पासष्ट. बलस्थानं दोनच : आशावाद आणि रेटून नेण्याची जिद्द, दोन्ही वेगवेगळी मोजणार, एकत्र बेरीज नाही. हातात काय आहे त्याचे रकाने : पेन्शन, दवाखान्याची सोय, ओलिताखालचं क्षेत्र, कर्ज, आत्ताची नोकरी आणि तिचे तास. तब्येत म्हणजे बीपी, कमरेचा घेर, पकड, दुखण्याच्या गोळ्या, आणि जिथं शक्य तिथं पत्नीचा स्वतंत्र फॉर्म. पहिली फेरी नोव्हेंबर-डिसेंबर, दुसरी दोन वर्षांनी त्याच महिन्यांत.

माझ्या मार्गदर्शकांना भीती आहे की ‘बलस्थान घातकही ठरू शकतं’ हे समितीला रुचणार नाही, विषय सकारात्मक मानसशास्त्रात नोंदवलाय म्हणून. माझं मत झालंय की तोच यातला बघण्यासारखा भाग आहे. त्यासाठी भांडेन.

संख्यारेषा

भांडा. फक्त दोन गोष्टींचा गुणाकार, म्हणजे हाती काय आहे त्याप्रमाणं जिद्दीचा परिणाम बदलतो का हे, तपासायचं तर ६४६ सुद्धा कमी पडतील हे आधीच लिहून टाका, समितीत कुणीतरी विचारणारच. आणि काय तपासणार ते गोळा करण्याआधी कागदावर पक्कं करून तारीख टाकून ठेवा, म्हणजे नंतर आकड्यांना पाहिजे तसं बोलतं केलं असा आरोप नको. कच्ची आकडेमोड मी बघून देतो, संदेश करा.

फौजीणबाई

बायकांचे फॉर्म वेगळ्या खोलीत भरून घ्या. एकाच सतरंजीवर दोघं बसले तर ती पण ‘ठीक आहे’च लिहील. अन् सोबत कुणीतरी बाई आणा.

हवालदार_औसा

औसा, निलंग्याकडची माणसं मी जोडून देतो, चाकूरकडचं मुडखेडवाल्यांनी बघावं. दोन अटी. फॉर्म चार पानांच्या वर नको, अन् बीपी किती आलं ते ज्याचं त्याला तिथल्या तिथं चिठ्ठीवर लिहून द्यायचं. लोक येतात, रक्त देतात, माहिती देतात, परत कुणी तोंड दाखवत न्हाई. दिवाळीच्या आठवड्यात येऊ नका, सोयाबीनच्या पट्टीची भांडणं चालू असतात. त्याच्या पुढच्या सोमवारी या, औसा स्टँडवरून फोन करा.